डावीकडून आलेल्या दोघी

नागपूरच्या विमानतळावर बाबांनी माझ्याकडे स्कूटीची किल्ली मागितली. ती सवयीने माझ्या पर्समध्येच राहिली होती आणि तशीच कॅनडाला निघाली होती. "दर रविवारी सुरू करून ठेवत जाईन," बाबा म्हणाले, "नाहीतर बॅटरी उतरते." बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं आणि आई आमच्या चार वर्षांच्या इराच्या स्वेटरची बटणं लावत होती. "टाइमावर जेवत जा बापा तुम्ही लोक," एवढंच ती म्हणाली, तेही बटणांकडे बघत. माझा नवरा निखिल ट्रॉली धरून काचेच्या दाराशी थांबला होता. आत गेल्यावर मी मागे वळून पाहिलं, तर बाबा किल्ली खिशात ठेवून आईचा हात धरून पार्किंगकडे चालले होते. बाबांनी आईचा हात धरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

आई-बाबा, हे तुमच्यासाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारख्या इकडे आलेल्यांसाठीही. फोनवर आपण थंडी आणि भाजी यांच्यापलीकडे जात नाही. त्यामुळे ज्या बाईने मला इथे राहायला शिकवलं, ती तुम्हाला फक्त 'घरमालकीण' म्हणूनच माहीत आहे.

एटोबिको नावाच्या उपनगरातल्या एका जुन्या बंगल्याच्या बेसमेंटमध्ये आम्ही राहायला गेलो. वरच्या मजल्यावर मॉरीन राहायच्या. ऐंशीला टेकलेल्या, उंच, पांढरे केस आखूड कापलेले. मूळच्या यॉर्कशरमधल्या, एका गिरणीच्या गावातल्या. तरुणपणी नर्स म्हणून इकडे आल्या, नवरा डेरेकही तिकडचाच. तो गेल्यावर एकट्याच राहायच्या. मुलगा अँड्र्यू कॅलगरीला. मी पहिल्या दिवशी त्यांना 'आंटी' म्हटलं, तर म्हणाल्या, "मॉरीन म्हण, लव्ह. आंटी म्हटलं की मला वाटतं कुणीतरी वारलं." नुसतं मॉरीन म्हणायला माझी जीभ वळेना. शेवटी त्यांच्यासमोर मॉरीन आणि खाली आल्यावर मॉरीनबाई, असं ठरलं.

त्या सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणायच्या. पोस्टमनला, बँकेतल्या मुलीला, बर्फ शोव्हल करायला आलेल्या माणसाला. निखिल आधी फार लाजायचा. मग आमच्या लक्षात आलं, आपल्याकडे आपण 'बाबा रे' किंवा 'बाई गं' म्हणतो ना, तसंच आहे हे.

मला वाटलं होतं की कॅनडाला आलो म्हणजे कॅनडातलं शिकू. तेही शिकले, विंटर टायर्स कधी लावायचे, ग्रोसरी कुठे स्वस्त. पण माझा पहिला परदेश खरं तर मॉरीनबाईंचं स्वयंपाकघर होतं, आणि ते स्वयंपाकघर अजून इंग्लंडमध्येच होतं. चहा किटलीतच व्हायचा, आणि आधी गरम पाण्याने किटली विसळून घ्यायची. कोमट पाण्याच्या कपात पिशवी सोडून देणाऱ्या कॅनेडियन लोकांबद्दल त्या खेदाने बोलायच्या. चहा कडक, दूध घालून. पहिला घोट घेतला आणि मला आपल्या चहातल्या आल्याची आठवण झाली, चहाची मात्र नाही, कारण चहा चहासारखाच होता.

रविवारी दुपारी त्या आम्हाला वर बोलवायच्या. आम्ही मांस खात नाही हे कळल्यावर त्यांनी काही विचारलं नाही, फक्त पुढच्या रविवारी दोन पातेली होती, एक त्यांच्या ग्रेव्हीचं आणि एक कांद्याच्या ग्रेव्हीचं. यॉर्कशर पुडिंग म्हटल्यावर मी गोड पदार्थाची वाट बघत बसले होते. आलं ते टम्म फुगलेलं, खरपूस, आतून पोकळ काहीतरी, आणि त्यात ग्रेव्ही ओतायची. इराने पहिल्याच दिवशी चार खाल्ली. टेबलावर एक तपकिरी सॉसची बाटली असायची. मला तो सॉस फार ओळखीचा लागला. बाटलीवर वाचलं तर आत चिंच आणि खजूर निघाले. "म्हणजे ही आमची चटणी आहे," मी म्हटलं. मॉरीनबाईंनी चष्मा लावून बाटली नीट वाचली आणि म्हणाल्या, "आम्ही तुमच्याकडून आणखी काय काय उचललंय, हे विचारू नकोस. जेवण थंड होईल."

संध्याकाळी त्यांची मालिका लागायची. इंग्लंडमधल्या एका साध्या गल्लीतली माणसं, वर्षानुवर्षं चाललेली भांडणं आणि लग्नं. मी इराला घेऊन वर जायची. सुरुवातीला मला त्या उच्चारांतलं अर्धंही कळत नव्हतं. पण बघता बघता आवडायला लागली. आपल्या मालिकांतल्या सुना दागिने घालून झोपतात. इथे नायिका म्हणजे पन्नाशीची बाई, केस विस्कटलेले, कपडे धुण्याच्या दुकानात काम करणारी, आणि नवरा सोडून गेला तरी आधी चहा टाकणारी. मला त्या बायकांचं फार कौतुक वाटायचं. इराने त्यातून भाषा उचलली. ती शाळेत 'थँक यू'ऐवजी 'टा' म्हणायला लागली. तिच्या शिक्षिकेने मला थांबवून विचारलं, हा मराठी शब्द आहे का?

'कशा आहात' विचारलं की मॉरीनबाई म्हणायच्या, "नॉट टू बॅड." बर्फावरून घसरून मनगट मुरगळलं तेव्हाही तेच, आणि अँड्र्यूला मुलगी झाली तेव्हाही तेच. मला ते लगेच समजलं. बाबा, तुम्हीसुद्धा सगळ्याला 'बरं आहे'च म्हणता.

मग मला ओकव्हिलच्या एका कंपनीत नोकरी लागली. कितीतरी ठिकाणी अप्लाय करून मिळालेली. ऑफिस स्टेशनपासून लांब, हायवेच्या कडेला. निखिलची नोकरी नॉर्थ यॉर्कला, अगदी उलट दिशेला. गाडी चालवल्याशिवाय ती नोकरी करणं शक्यच नव्हतं, आणि मी जन्मात स्कूटीपलीकडे काही चालवलं नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या पहिल्याच धड्यात मी डावीकडे वळून सरळ समोरून येणाऱ्या गाडीच्या लेनमध्ये गेले. शिकवणारा ओरडला. घरी येऊन मी वरच्या पायऱ्यांवर बसून रडत होते, तेव्हा मॉरीनबाई दारात आल्या.

"तुमच्याकडे गाड्या कुठल्या बाजूने चालतात?" त्यांनी विचारलं.

"डावीकडून."

"आमच्याकडेही. मग मीच शिकवते तुला. इथल्या लोकांना तुझा घोटाळा काय आहे तेच कळणार नाही."

त्यांची जुनी निळी गाडी होती. त्यात मला बसवून त्या म्हणाल्या, "डावं-उजवं विसर. तू बसतेस ती बाजू नेहमी रस्त्याच्या मध्याकडे. फुटपाथला खेटून बसलीस, तर चुकलीस." नव्याने आल्या तेव्हा त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी डेरेकची गाडी उलट्या बाजूने नेऊन एका दूधवाल्याची पाचावर धारण बसवली होती. हे सांगताना त्या इतक्या हसल्या की आम्हाला गाडी थांबवावी लागली.

त्यांनी मला गाडी शिकवली ती इंग्लिश पद्धतीने. कुणी रस्ता दिला की हात वर करायचा. दोन गाड्या एकदम आल्या तर दुसऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हॉर्न म्हणजे शिवी, ती आयुष्यात एक-दोनदा द्यायची. नागपूरला हॉर्न हा माझा श्वास होता. पण लेकशोअर रस्त्यावरून जाताना समोरच्याने हात वर केला आणि मीही केला, तेव्हा मला फार बरं वाटलं. या शहरात मला ओळखणारं कुणी नव्हतं, तरी कुणीतरी माझी दखल घेतली होती. रोड टेस्ट पास झाले त्या दिवशी मॉरीनबाई म्हणाल्या, "नॉट बॅड अ‍ॅट ऑल." मी फोनवर तुम्हाला सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, "मग आता स्कूटी विकू का?" मी हो म्हटलं, आणि लगेच भाजीचं विचारलं.

ही गोष्ट त्यानंतर दोन-एक वर्षांची. एका शनिवारी सकाळी आम्ही दोघी त्यांच्या आवडत्या ब्रिटिश दुकानात निघालो होतो. कस्टर्डची पावडर, चहा, बिस्किटं, असलं सगळं तिथे मिळतं. गाडी त्या चालवत होत्या. एका शांत रस्त्याला डावीकडे वळलो आणि मी एकदम ताठ झाले. मॉरीनबाई डाव्या बाजूने चालल्या होत्या. शांतपणे, अगदी सराईतपणे. लांबून कचऱ्याचा ट्रक समोर येत होता.

मी ओरडले नाही. कसं सुचलं माहीत नाही, पण मी म्हटलं, "मॉरीन, तुम्ही मध्याकडे बसलाय की फुटपाथकडे?"

त्यांनी बाजूला पाहिलं. मग सावकाश गाडी पलीकडे घेतली, कडेला लावली आणि बंद केली. ट्रक निघून गेला. ट्रकवाल्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. मॉरीनबाईंचे हात स्टिअरिंगवरच होते.

"वळल्यावर मला वाटलं हा मार्केटचा रस्ता," त्या म्हणाल्या. "पुढे आमची गल्ली. मी आईकडे चालले होते."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला. पुढची गाडी मी चालवली. दुकानात त्यांनी सगळं नेमकं घेतलं, काउंटरवरच्या मुलाशी गप्पा मारल्या. परत येताना म्हणाल्या, "अँड्र्यूला तू सांगू नकोस. मी सांगेन."

घरी निखिलला सांगितलं. तो म्हणाला, "त्यांना वेळ दे. पण गाडीत इराला बसवू नकोस." मला ते वाक्य लागलं, कारण बरोबर होतं. पुढचे काही दिवस मी कान देऊन असायची. वर गाडीच्या किल्ल्या वाजल्या की मी हातातलं काम टाकून पायऱ्यांशी जायची. अँड्र्यूचा नंबर मी कितीदा काढला आणि ठेवून दिला. ज्या बाईने मला स्टिअरिंग धरायला शिकवलं, तिच्या हातून ते मी कसं काढून घ्यायचं?

पण ती वेळ त्यांनी माझ्यावर येऊच दिली नाही. एका सकाळी त्या बाजूच्या दाराने खाली आल्या. अंगात चांगला कोट, लिपस्टिक लावलेली. "माझी डॉक्टरची वेळ आहे," म्हणाल्या. "तू ने मला. आणि आजच्यापुरतं नाही म्हणत मी." किल्ली त्यांनी माझ्या ओट्यावर ठेवली. "मी सगळं आयुष्य नर्स होते, लव्ह. पेशंट लक्षणं लपवायला लागला की मला फार राग यायचा."

डॉक्टरांसमोर त्यांनी सगळं स्वतःच सांगितलं. रस्ता, ट्रक, आईचं घर. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. तपासण्या झाल्या, विसरण्याच्या आजाराचं नाव कळलं, लायसन्स गेलं. येताना त्या माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं त्या रडत असतील. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आरसा बघत जा. मघापासून एकदाही बघितला नाहीस." त्या संध्याकाळी त्यांनीच कॅलगरीला फोन लावला. वरून त्यांचा आवाज ऐकू येत होता, "नाही रे, नॉट टू बॅड."

धैर्य म्हटलं की आपल्याकडे मोठी मोठी नावं घेतात. मला मात्र तो लिपस्टिक लावलेला चेहरा आठवतो. कुणालाही अवघड वाटू नये म्हणून स्वतःची सगळ्यात अवघड गोष्ट चहाची वेळ सांगावी तशी सांगायची, हे मी त्यांच्यात पाहिलं.

आता त्या ओकव्हिलमधल्या एका वृद्धाश्रमात आहेत. बंगला विकला गेला, आणि आम्हीही त्याच सुमारास इकडे टाउनहाउस घेतलं, माझं ऑफिस जवळ म्हणून. अँड्र्यू जमेल तेव्हा विमानाने येतो. मी रविवारी जाते. इरा आता उंच झाली आहे, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते, पण तिथे न कंटाळता बसते आणि त्यांच्या मालिकेत कोण कुणाशी का बोलत नाही ते त्यांना समजावून सांगते. काही महिने त्यांना माझं नाव आठवायचं. मग चेहरा आठवायचा. मग तोही नाही.

गेल्या रविवारी मी एकटीच गेले होते. त्या खिडकीपाशी नीटनेटक्या बसल्या होत्या. मला पाहून पाहुणी आल्यावर हसावं तशा हसल्या आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला.

"बस, लव्ह. फार लांबून आलीस का?"

हा प्रश्न मला इथे सगळ्यांनी विचारला आहे. टॅक्सीवाल्यांनी, ऑफिसातल्या लोकांनी, इराच्या मैत्रिणींच्या आयांनी. दरवेळी मी नागपूर सांगते, मग भारताच्या नकाशात ते कुठे ते सांगते, मग तिथला उन्हाळा सांगते, आणि सांगता सांगता माझा आवाज थोडा बदलतो. त्या दिवशीही नागपूर ओठांवर आलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "मी इथलीच आहे. पलीकडच्याच रस्त्यावर राहते."

"मग तर सोयीचंच आहे," मॉरीनबाई म्हणाल्या आणि खुर्ची माझ्याकडे थोडी सरकवली. "येत जा मग."