नाव घालता येईल असा कॉम्प्युटर

वडिवळ्याच्या झुंबरबाईने कॉम्प्युटर घेताना मला बरोबर नेलं, याचं कामशेतच्या बाजारात अजून हसं होतं. माझं भांड्यांचं दुकान. हंडे, पातेली, ताटं विकतो आणि त्यांच्यावर नाव घालून देतो. कॉम्प्युटरमधलं मला इतकंच कळतं, की तो पाण्याजवळ ठेवू नये. पण बाईला जो तज्ज्ञ हवा होता तो माझ्यासारखाच, आणि तसा पुण्यात शोधूनही सापडला नसता.

झुंबरबाई धाकट्या भावाच्या, भिमाजीच्या घरी राहते. तरुणपणीच नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. सासरहून निघताना दिराने मोठ्या न्यायबुद्धीने सांगितलं, "ज्याच्यावर तुजं नाव आसंल ते घिऊन जा." मग मांडणीवरची भांडी उतरवून एकेक उलटं करून वाचण्यात आलं. आहेरातली, तिचं नाव घातलेली पातेली तिच्या पोत्यात पडली. शिलाई मशीन तिने गावाचे परकर-पोलके शिवून स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. त्यावर फक्त कंपनीचं नाव होतं, म्हणून ते तिथेच राहिलं. दीर अगदी देवमाणूस, दिल्या शब्दाला जागला. तेव्हापासून ही बाई घरात काही घेतलं की आधी माझ्याकडे घेऊन येते. तिच्या उलथन्यावर मी नाव घातलेलं आहे. बोटभर दांड्यावर 'झुंबरबाई' बसवून दाखवा म्हणजे कळेल. वर पुन्हा 'झ' वाकडा आला म्हणून माझ्याशीच भांडली.

भिमाजी आंबीच्या कारखान्यात कामाला. शेती झुंबरबाईच्या अंगावर. भात लावायचा, काढायचा, आणि इंद्रायणी तांदूळ हायवेच्या कडेला बसून लोणावळ्याहून परतणाऱ्या गाड्यांना विकायचा, हे सगळं तीच करते. भिमाजीला दोन मुलं. थोरला संदेश, धाकटी समीक्षा. त्या घरात समीक्षासाठी म्हणून पुष्कळ वस्तू आल्या. अभ्यासाला मोबाईल आला. संदेशने तो 'दोन दिवसांसाठी' घेतला, ते दोन दिवस अजून चालू आहेत. कॉलेजला जायला स्कूटर आली. ती रोज कॉलेजवरून जाते हे खरं, पण तिच्यावर संदेश असतो आणि समीक्षा एसटीत असते. भिमाजी याला बहीणभावाचं प्रेम म्हणतो.

समीक्षाला मोबाईलची ॲप बनवायला शिकायचं होतं. कॉलेजात क्लास सुरू होणार होता आणि ज्याच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर त्यालाच त्यात बसता येणार होतं. तिने घरात सगळं नीट समजावून सांगितलं. महागाचा नको. रॅम सोळा हवी, आत एसएसडी हवी, प्रोसेसर बरा हवा. मोठ्या कंपन्या वापरून विकायला काढतात तसला जुना लॅपटॉपसुद्धा चालेल. हे सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग संदेशला विचारलं, कुठला घ्यायचा.

"चांगला गेमिंगचाच घ्यायचा," संदेश म्हणाला. "ॲपला ग्राफिक्स लागतात. तिला काय कळतंय त्यातलं."

ग्राफिक्स लागत होते ते त्याच्या मोटारींच्या शर्यतींना. पण भिमाजीची मान हलायला लागली होती. तेव्हा चुलीजवळून झुंबरबाई बोलली, "भिमा, निम्म्याच्या वर पैसं माजं हायेत. मी बगून घेनार. गोरखभाऊ येत्याल संगट."

गोरखभाऊ म्हणजे मी.

तळेगावातल्या एका दुकानात आम्ही चौघं गेलो. बाई, समीक्षा, संदेश आणि मी. दुकानदाराने संदेशकडे एकदा बघितलं आणि गिऱ्हाईक कोण ते ओळखलं. लगेच काळाभोर लॅपटॉप पुढे आला. बटणांखाली लाल, हिरवे, निळे दिवे पळत होते. गणपतीच्या मखरालाही एवढी रोषणाई नसते. झुंबरबाईने झाकणावर नख वाजवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"प्लास्टिक," मी म्हणालो. "नाव बसणार नाही. नुसते चरे पडतील."

"ठिवा बाजूला," बाई म्हणाली.

दुसरा आला. तिसरा आला. मी आपला वाजवतोय आणि मान हलवतोय. दुकानदार शेवटी वैतागला. "मावशी, प्रोसेसर बघा ना. झाकणात काय आहे?"

"तुमचा प्रोसेसर आत आसतू," बाई म्हणाली. "कुनाचा हाय त्ये वरनं दिसाया पायजे."

मग कोपऱ्यातून एक जुना, राखाडी, अंगाने जाड असा लॅपटॉप निघाला. कुठल्याशा कंपनीत नोकरी करून आलेला. संदेशने तोंड वाकडं केलं. मी वाजवलं. ॲल्युमिनियम, आणि चांगलं जाड. तोवर समीक्षाने तो चालू करून आतलं सगळं तपासलं होतं. सोळाची रॅम होती, एसएसडी होती, आणि घरात ठरलेल्या पैशांत बसत होता. तिची परीक्षा वेगळी, माझी वेगळी, पण दोन्हींत पास हाच झाला. पोरीने त्याच्यावर हात ठेवला तो उचलेचना.

"यावर नाव घालायचं म्हणता?" दुकानदाराला आता कुठे उलगडा झाला. "मग वॉरंटी गेली. मी परत घेणार नाही, बदलून देणार नाही."

"दुसरं कुनी घील का इकत?"

"नाव घातलेला? कुत्रं विचारणार नाही."

झुंबरबाईचा चेहरा इतका खुललेला मी कधी बघितला नव्हता. "मंग द्या बांधून," ती म्हणाली.

पिशवी समीक्षाने उचलली तोवर संदेश दुकानाबाहेर जाऊन उभा होता.

आम्ही माझ्या दुकानात आलो तर भिमाजी ड्युटी सुटून थेट तिथे हजर. काय लिहायचं ते तो ठरवूनच आला होता. 'भिमाजी यांजकडून कन्या कु. समीक्षा हिस सप्रेम भेट.' निम्म्याहून कमी पैशांत बापाचं नाव पहिलं लागणार होतं, स्वस्तच पडत होतं.

"न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "वस्तू ज्याची त्याचं नाव. देनाऱ्याचं कशाला?"

"आगं, मंग निदान आडनाव तरी?"

"आडनाव घातलं की हितल्यांचं झालं. उद्या लगीन झालं की तितल्यांचं हुनार." तिने माझ्याकडे वळून सांगितलं, "नुसतं समीक्षा घाला. फुडं-मागं काय बी नको."

एवढ्या वर्षांत मी हजारो नावं घातली. बाईचं नाव असलं तरी मागे कुणीतरी पुरुष असतोच, बाप नाही तर नवरा. झुंबरबाईची भांडी सोडली, तर नुसतं बाईचं नाव घालायला मला पहिल्यांदाच सांगितलं जात होतं.

आणि आता माझी खरी पंचाईत झाली. झाकणाच्या आत स्क्रीनची काच. पातेल्यावर जोर लागला तर पोचा येतो, तो ठोकून काढता येतो. इथे जोर लागला तर पोरीचा क्लास बुडाला. समीक्षा शेजारी उभी राहून सांगत होती, "काका, बिजागरीजवळ घ्या. कडेला. हलक्या हाताने." मशीन टर्र करून सुरू झालं. 'स' गेला, 'मी' गेली. 'क्षा'ला मी देवाचं नाव घेतलं. संपल्यावर तिने लॅपटॉप उघडून चालू केला. स्क्रीन अख्खी उजळली. मला इतकं भरून आलं की मी पैसे घ्यायचे विसरलो, आणि झुंबरबाई द्यायचे विसरली. ती विसरणाऱ्यांतली नाही, पण असो.

गावात भिमाजीचं फार कौतुक झालं. मुलीला कॉम्प्युटर घेऊन देणारा बाप म्हणून ग्रामपंचायतीत त्याचा सत्कार करायचं चाललं होतं. त्याने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा तारीख विचारली. समीक्षा क्लासला जाऊ लागली.

मग एक दिवस संदेश दुकानात आला. समीक्षाच्या स्कूटरवरून. पिशवीतून त्याने लॅपटॉप काढला आणि नावाची बाजू वर करून माझ्यापुढे ठेवला.

"काका, हे नाव पुसून मिळंल का? गिऱ्हाईक हाय एक. ह्यो दिऊन तिच्यासाठीच जरा चांगला घेतो."

"नाही पुसता येत," मी म्हणालो.

"आसं कसं? आमच्या वाटनीच्या टायमाला चुलत्याच्या घागरीवरचं पुसलं व्हतं की तुमी."

"ती पितळेची होती. हे ॲल्युमिनियम. यावर बसलं ते बसलं."

त्याने नावावरून एकदा अंगठा फिरवून बघितला, लॅपटॉप पिशवीत कोंबला आणि आत्याच्या नावाने बडबडत घरी घेऊन गेला. पॉलिशचं चाक माझ्या पाठीमागेच होतं. ॲल्युमिनियम पितळेपेक्षा मऊ, चहा येईपर्यंत नाव गेलं असतं. पण विचारायला समीक्षा आली नव्हती.