उकिरडा गल्लीचे मापाडी

सकाळी अंघोळ आणि लिंगपूजा आटोपली की चन्नबसप्पा दोन बादल्या घेऊन गल्लीत उतरत. एका बादलीत त्यांच्या आणि मल्लम्माच्या अंघोळीचं पाणी असे. बाजेवर बसून अंघोळ करायची आणि खाली घमेलं ठेवायचं, असं त्या वर्षी साऱ्या लातुरात चाललं होतं. दुसऱ्या बादलीत शेजारणींनी दिलेलं भांडी विसळल्याचं पाणी. लिंगावर घातलेलं तांब्यातलं पाणी मात्र वेगळं, ते पायदळी येऊ द्यायचं नाही, म्हणून पहिल्या झाडाला. मग पुढच्या रोपांना एकेक तांब्या ओतत ते मोठ्यानं मोजत जात, "लाभ... दोन... तीन..."

एक हा आकडा त्यांच्या तोंडी नव्हताच. बत्तीस वर्षं त्यांनी मार्केट यार्डात मापाडी म्हणून तूर, करडई, ज्वारी मोजली होती, आणि मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. घरात भाकरीसुद्धा लाभापासूनच मोजल्या जात. मल्लम्मा म्हणे, "यमाला बी म्हणाल, थांब, आधी लाभ म्हणू दे."

रोपं अकरा होती, सगळी सुबाभळीची. सामाजिक वनीकरणवाल्यांनी फुकट वाटलेली. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष चाललं होतं आणि पाऊस सलग दुसऱ्या वर्षी रुसला होता. नव्या कचेऱ्या उठत होत्या, नवे साहेब येत होते आणि नळाला चार-चार दिवसांनी पाणी. अशा दिवसांत शहरातल्या काही हौशी मंडळींनी समिती काढून स्पर्धा जाहीर केली, 'सुंदर गल्ली, सुंदर लातूर'. पहिल्या आलेल्या गल्लीच्या तोंडाशी नगरपालिका नावाची पक्की पाटी लावणार, असं पत्रकात छापलं होतं.

ते वाक्य चन्नबसप्पांनी तीनदा वाचलं.

त्यांच्या गल्लीला नाव होतं, तेच तर दुखणं होतं. वस्ती होण्याआधी तिथे गावाचा उकिरडा होता. उकिरडा गेला, घरं आली, मोरी आली, दिवाबत्तीही आली, तरी नगरपालिकेच्या दप्तरात आणि लोकांच्या तोंडी उकिरडा गल्लीच राहिली. इतरांना त्याचं फार वाटत नसे. चन्नबसप्पांना वाटे ते नीलामुळे. नीला त्यांची एकुलती एक लेक, उदगीरला दिलेली. सासू बोलण्यात तिखट. "उकिरड्यावरचं पाखरू," असं ती पाहुण्यांदेखत म्हणे. लग्नाला तीन वर्षं झाली तरी सासरचं कुणी या घराची पायरी चढलं नव्हतं. नीला कार्ड टाकायची तेही यार्डातल्या अडत दुकानाच्या पत्त्यावर. स्वतःच्या लेकीला बापाच्या घराचा पत्ता लिहवत नाही, ही गोष्ट चन्नबसप्पा कुणाशी बोलले नव्हते. मल्लम्माशीही नाही. तिला ती ठाऊक होतीच.

स्पर्धेत उतरायचं म्हणून मारुतीच्या पारावर बैठक भरली. झाडू कुणी मारायचा, मोरी कुणी उपसायची, सगळं अर्ध्या तासात ठरलं. नाव काय मागायचं यावर मात्र दिवेलागण झाली. लिंगायत घरं म्हणाली, बसवेश्वर गल्ली. पंचफुलाबाई शाळेत सेविका होत्या, गल्लीच्या खालच्या अंगाच्या दहा बौद्ध घरांचा आवाज म्हणजे पंचफुलाबाई. त्या कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "मोरी आम्ही उपसायची आन् नाव तुमचं? भीमनगर करा." डाळ मिलमधला रामकिशन म्हणाला, "भांडू नका, बालाजी नगर करू."

"तुझ्या एकट्याच्या घरासाठी?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"एकटा हाय, पन मिलमधून तुरीचं भुसकट फुकट आणणारा बी मीच हाय."

शेवटी चन्नबसप्पांनी तोडगा काढला. आधी बक्षीस, मग नाव. अर्जावर मात्र नगरपालिकेच्या दप्तरातलं नाव घालणं भाग होतं. रामकिशननं ते शक्य तितक्या बारीक अक्षरात लिहिलं.

दोन महिने गल्लीला नुसता ऊत आला. विटा तिरप्या रोवून गेरू-चुन्याचे पट्टे ओढले. पंचफुलाबाईंनी शाळेतल्या उरल्यासुरल्या रंगीत खडूंची पूड करून रांगोळी केली. रामकिशननं पोत्यानं भुसकट आणून प्रत्येक आळ्यात पसरलं, म्हणजे ओल टिकेल. ओल खरंच टिकली. रोपं कमरेएवढी झाली, पानं लवलवायला लागली. परीक्षक यायच्या आदल्या संध्याकाळी गल्लीनं एकमतानं आणखी एक निर्णय घेतला. रोपांभोवतीच्या बोरीच्या काट्या काढून टाकल्या. दिसायला वंगाळ दिसत होत्या.

सकाळी आठला परीक्षक यायचे होते. साडेसातला गुरं आली.

औशाकडच्या खेड्यांतली तीसेक जनावरं चारा छावणीकडे चालली होती. मोठ्या रस्त्यावर खोदकाम होतं म्हणून गुराख्यांनी त्यांना गल्लीत घातलं. सुबाभळीचा कोवळा पाला, खाली तुरीचं भुसकट आणि मध्ये एक काटी नाही. आठवडाभर कडब्याच्या धसकटावर जगलेल्या गुरांना याहून काय हवं! माणसं घरातून धावत येईपर्यंत अकरा रोपांचे अकरा खुंट झाले होते. एक खोंड तर रांगोळीत उभं राहून शांतपणे रवंथ करत होतं.

चन्नबसप्पांनी काठी उचलली. पुढ्यातल्या तांबड्या गाईच्या बरगड्या त्यांना दिसल्या. त्या सहज मोजता आल्या असत्या. काठी तशीच वर राहिली, मग खाली आली.

"रामकिशन," ते म्हणाले, "पोतं राहिलंय का घरी?"

"दोन हायेत. का?"

"आण. पाला गेला तो गेला, पोटभर तरी खाऊ देत."

"अप्पा, आत्ता परीक्षक येतेत!"

"येऊ देत की. त्येंना बी लागलं तर घालू थोडं."

पंचफुलाबाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी घरातली पाण्याची घागर आणून घमेल्यात रिकामी केली आणि वासरासमोर ठेवली. समितीची जीप आली तेव्हा गल्लीच्या तोंडाशी शेपट्यांची भिंत होती. तिन्ही परीक्षक उतरून गुरांमधून वाट काढत आले. त्यांतल्या डॉक्टरीणबाईंच्या पातळाला शेण लागलं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि विचारलं, "झाडं कुठं आहेत?"

चन्नबसप्पांनी गाईच्या पोटाकडे बोट केलं.

पहिलं बक्षीस अर्थातच दुसरीकडे गेलं. पण परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं, 'झाडे आढळली नाहीत, गल्ली चांगली आहे,' आणि एक उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र ठेवलं. समारंभ टाऊन हॉलमध्ये होता. गल्ली धुतलेले कपडे घालून गेली. उत्तेजनार्थवाल्यांना पाटी नाही, हे चन्नबसप्पांना ठाऊक होतं. तरी ते गेले. पंचफुलाबाईंनी सरळच सांगितलं होतं, "तुम्ही न्हाई आलात तर आम्हाला उचलून न्यावं लागंल."

निवेदकानं खणखणीत आवाजात पुकारलं, "उत्तेजनार्थ पारितोषिक, उकिरडा गल्ली!"

सभागृह हसलं. वाईट हसू नव्हतं ते, पण हसूच होतं. चन्नबसप्पा जागचे हलले नाहीत. निवेदकानं पुन्हा पुकारलं. पुन्हा हसू.

"उठा की अप्पा," रामकिशन कुजबुजला.

"ह्या नावानं मी उठणार न्हाई." हे मात्र ते कुजबुजले नाहीत. यार्डात तीन दुकानं पलीकडे ऐकू जाणारा आवाज होता तो. "बक्षीस घिऊन घरी काय लावू? आमचा उकिरडा हाय म्हणून सर्टिफिकेट?"

अध्यक्षस्थानी बसलेले गृहस्थ माइककडे वाकले. "बरं अप्पा, मग काय नाव लिहायचं ते सांगा. आत्ता दुरुस्त करून देतो. ठराव पाठवला तर नगरपालिकाही नाही म्हणणार नाही."

चन्नबसप्पा उभे राहिले. मागे वळून त्यांनी गल्लीकडे पाहिलं. पंचफुलाबाईंचे ओठ उघडले होते. लिंगायतांच्या रांगेत दोघे उठायच्या बेतात होते. रामकिशननं घसा साफ केला होता. यापैकी एकानंही तोंड उघडलं असतं तर सबंध लातुरादेखत तीच बैठक पुन्हा भरली असती, आणि मग उकिरडा कायमचा.

यार्डात असं व्हायचं. मापं मोजताना अडत्या आणि माल आणणारा हमरीतुमरीवर यायचे, एक म्हणे चोवीस, दुसरा म्हणे तेवीस. तेव्हा मापाडी कुणाचंच ऐकत नसे. तो सगळं माप पुन्हा ओतायला लावून पहिल्यापासून सुरू करी. चन्नबसप्पांच्या तोंडून तोच शब्द आला.

"लाभ."

"काय म्हणालात?"

"लाभ गल्ली. लिवा."

भुसारावर जगणारं गाव ते. हॉलमध्ये हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागला नाही. कोपऱ्यातल्या हमालांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी. चन्नबसप्पा व्यासपीठाच्या पायऱ्या चढले आणि जुनं नाव खोडून नवं लिहून होईपर्यंत तिथंच उभे राहिले.

परतताना पंचफुलाबाई त्यांच्या बरोबरीनं चालत होत्या. "आमचं भीमनगर बुडवलंत की ओ अप्पा."

"माझं बी बसवेश्वर बुडालं."

"ते हाय. आन् रामकिशनचं बालाजी?"

"त्येला तिरुपतीला जागा हाय," चन्नबसप्पा म्हणाले, आणि रामकिशनसकट सगळी गल्ली रस्ताभर हसत गेली.

नगरपालिकेच्या पाटीला दीड वर्ष लागलं. तोवर रामकिशननं तेलाच्या डब्याचा पत्रा सरळ करून पाटी रंगवली. खुंटांपैकी सात फुटले, पाऊस आल्यावर झाडं झाली, काट्या या वेळी कुणी काढल्या नाहीत. दसऱ्याच्या सुमारास पोस्टमन पहिल्यांदा चन्नबसप्पांच्या दारात आला. नीलाचं कार्ड होतं. मजकूर दोन ओळींचा, खुशालीचा. चन्नबसप्पांनी मजकूर एकदा वाचला आणि पत्ता कितीतरी वेळा. दिवाळीला नीलाच्या सासूबाई स्वतः आल्या, चार दिवस राहिल्या आणि जाताना म्हणाल्या की गल्ली बरी आहे, मोरीला उतार मात्र कमी आहे. चन्नबसप्पांनी ते मान्य केलं. होताच तो कमी.

पुढं वीस वर्षं ते त्याच गल्लीत राहिले. मल्लम्मा आधी गेली. शेवटच्या उन्हाळ्यात नीला त्यांच्याजवळ येऊन राहिली होती. एका दुपारी ते ओसरीवर खाटेवर पडले होते, डोळे मिटून. त्यांना झोप लागली असेल असं नीलाला वाटलं. घटकाभरानं खरंच लागली, आणि मोडली नाही. पण त्याआधी दारात सायकल थांबली, कुणाची तरी पेन्शनची चिठ्ठी होती. डोळे न उघडता त्यांनी हाक मारली.

"नीला, पोस्टमनला पाणी दे. आन् च्या टाक थोडा, साखर घालू नको, त्येला शुगर हाय."