देव्हाऱ्यात हॉथॉर्न

सासऱ्यांना तीन महिन्यांसाठी जर्मनीत, एर्लांगेनला आणताना आम्ही सगळ्याचा विचार केला होता. विमा, विमानतळावरची व्हीलचेअर, तीन महिन्यांच्या गोळ्या, डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. फुलांचा विचार मात्र कुणाच्या डोक्यात आला नाही.

आदल्या दिवाळीच्या आसपास त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. सासूबाई त्याच्या वर्षभर आधी, एका दुपारी जेवून झोपल्या त्या झोपेतच गेल्या होत्या. त्यामुळे बाबा आता एकटे आणि हृदय असं नाजूक. नवरा सोमवार ते शुक्रवार दूर बोब्लिंगेनला प्रोजेक्टवर असायचा. निघताना एकच वाक्य बोलायचा, "बाबांच्या गोळ्या बघ हं." झालं. पुढचे पाच दिवस माझ्याच छातीत धडधड. मी मूळचीच काळजीखोर, त्यात परक्या देशात सासरे माझ्या भरवशावर.

पुण्यात बाबा रोज सकाळी फिरायला जाताना पिशवी नेत. लोकांच्या कुंपणाबाहेर डोकावणारी जास्वंद, तगर त्या पिशवीत येई. देवासाठी तोडलेल्या फुलाला चोरी म्हणत नाहीत, हा तिथला कायदा. तो त्यांनी इथेही लागू केला. तिसऱ्याच दिवशी सायकलरस्त्याच्या कडेच्या झुडपावरून पिशवीभर पांढरी फुलं घेऊन आले. बारीक, पाच पाकळ्यांची, झुबक्यांनी आलेली. बोटांवर ओरखडे.

"काटे आहेत गं भारी," ते खुशीत म्हणाले, "पण देवाला काय शोभतायत बघ."

मला त्या फुलांचा वास आवडला नाही. वरून गोडसर आणि खाली काहीतरी नासल्यासारखा. शिवाय धास्ती वेगळीच. ज्या गावात रविवारच्या शांततेत काचेच्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या म्हणून लोक खिडकीतून ओरडतात, तिथे हे भल्या सकाळी कुणाची झुडपं ओरबाडतायत?

ओरडलं कुणीच नाही. पण खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने मला जिन्यात गाठलं. ती आयरिश, नवरा जर्मन, दोघंही साठीपलीकडचे. आम्ही इंग्रजीत बोलायचो.

"ते हॉथॉर्न आहे," ती म्हणाली. "तुम्ही घरात नेता?"

तिच्या माहेरी या झाडाला कुणी हात लावत नाही. शेतात एकटंच उभं असेल तर नांगर त्याला वळसा घालून जातो, कारण त्याखाली ती माणसं राहतात. पऱ्याच म्हणायच्या, पण खुनशी. आपल्याकडे पिंपळावर मुंजा असतो, तशातली गत. मे महिन्यात फांदी दाराबाहेर लावतात, पण फुलं उंबऱ्याच्या आत आणायची नाहीत. आणली तर घरातलं माणूस जातं. हे सांगताना ती हसत होती, मग हसायची थांबली. माझा चेहरा पाहून तिने घाईघाईने जोडलं, "झाड वाईट नाही हं. माझा नवरा औषधाच्या दुकानातून त्याचेच थेंब आणून घेतो. हृदयासाठी चांगलं असतं म्हणे."

मी दिवसभर ऑफिसात हृदयाची चित्रं काढणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहायची. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. तरी दुसऱ्या दिवसापासून बाबा पूजा उरकून चहाला बसले की मी देव्हाऱ्यातली फुलं गुपचूप उचलून खालच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाकू लागले. घाई इतकी की एकदा फुलांबरोबर घंटाही उचलली.

"इथे फुलं फार लवकर कोमेजतात का गं?" त्यांनी विचारलं.

"हवा कोरडी आहे ना, बाबा," मी ठोकून दिलं.

देवाला वाहिलेलं फूल अपशकुनी आहे हे सासऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगणार? गोळीचं मात्र रोज विचारायची. "घेतली गं," ते म्हणायचे, आणि मी बस पकडायला पळायची.

फुलं टाकूनही घरातला वास जाईना. एका सकाळी बाबा आंघोळीला गेलेले असताना मी हुंगत हुंगत त्यांच्या खोलीत शिरले. कपाटात वर्तमानपत्रावर फुलं वाळत घातली होती. शेजारी चहाचा जुना डबा, त्यातही वाळलेली फुलं. आणि फुलांच्या खाली नाडी संथ ठेवणाऱ्या गोळीची पाकिटं. सोळा दिवसांच्या गोळ्या. एकही फोडलेली नव्हती.

बाबा पंचा गुंडाळून बाहेर आले तेव्हा मी पाकिटं हातात धरून उभी होते. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मी त्यांच्यासमोर कधी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी किंचाळले.

"अहो बाबा, काय चाललंय हे तुमचं? मी तुमच्या मुलाला काय तोंड दाखवू?"

"बाकीच्या घेतो गं सगळ्या," ते पुटपुटले. "हिच्याऐवजी त्या फुलांचा काढा घेतो. खालच्या बाईंनी सांगितलं, हृदयाला चांगला. घरात नेऊ नका असंही सांगितलं होतं त्यांनी. मी म्हटलं, देवाला वाहिल्यावर कसला दोष?"

म्हणजे मी पंधरा दिवस पऱ्यांच्या मागावर होते, आणि ज्याच्यावर नजर ठेवायची ते नाकासमोर चाललं होतं. मला स्वतःची भयंकर चीड आली.

ऑफिसला दांडी मारून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. रक्तदाब वाढलेला, नाडी धावत होती. ही गोळी अशी एकदम बंद केली तर पुन्हा अटॅक येऊ शकतो, डॉक्टर बाबांकडे बघत सावकाश इंग्रजीत म्हणाले. काढा हवा असेल तर आधी मला विचारायचं, गोळीच्या जागी तर मुळीच नाही. बाबा शाळेतल्या पोरासारखे मान हलवत होते.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले. कडेला तीच पांढरी झुडपं जात होती.

"ती गोळी घेतली की दुपारी डोळे मिटायला लागतात," ते म्हणाले. "तू ऑफिसला. घरात कुणी नाही. ती अशीच झोपली होती, दुपारची."

मी त्यांचा हात धरला. सुनेने सासऱ्यांचा हात धरायची आमच्या घरी पद्धत नाही. त्यांनीही सोडवला नाही.

"झोपा तुम्ही," मी म्हटलं. "तीन वाजता मी फोन करीन. उठवीन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर गोळी घेतली. मग पिशवी घेऊन बाहेर पडले, आणि आणलेली फुलं संध्याकाळपर्यंत देव्हाऱ्यात राहिली.

उरलेले दोन महिने मी रोज तीनला मीटिंगमधून उठून फोन करायची. एक रिंग, दोन, पाच. सहाव्या रिंगला मला त्या शेजारणीचं बोलणं आठवायचं आणि देव्हाऱ्यातली फुलं दिसायची. मग पलीकडे रिसीव्हर उचलल्याचा खडखडाट आणि झोपेने जड झालेला आवाज, "जागा आहे गं."