व्याह्यांची हरकत

माझ्या मुलाचे सासरे, म्हणजे माझे व्याही, यांच्याइतक्या गांभीर्याने व्हिडिओ गेम खेळणारा माणूस पनवेल तालुक्यात दुसरा नसेल. आणि असलाच तर त्याने ते घरच्यांपासून लपवून ठेवले असेल. व्याह्यांनी काहीच लपवले नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर उभी हयात गेली, आणि आता सुकापूरच्या फ्लॅटमध्ये लेकीने दिलेला टॅब मांडीवर घेऊन ते बसलेले असतात. मी निवृत्त शिक्षक, म्हणून मला ते मास्तर म्हणतात आणि प्रत्येक गेमवरचे आपले मत चहाच्या आधी ऐकवतात.

ट्रकचा गेम त्यांना आवडला, पण तक्रारीसह. त्यातला गाडीवाला माल भरतो आणि थेट रस्त्याला लागतो. "काटा नाय, पावती नाय, याला गेटातनं सोडला कोनी?" दुसऱ्या एका गेममध्ये शंभर जण बेटावर उतरतात आणि बंदुका शोधत घराघरांत शिरतात. व्याही अंगणातच थांबले. "घरात मानूस नसताना आत कसं जायाचं?" एवढे म्हणेपर्यंत कुणीतरी त्यांना गोळी घातली. तरी तो गेम बरा, कारण झाडे नीट काढली आहेत. मासेमारीच्या गेममध्ये पकडलेला मासा परत पाण्यात सोडला की जास्त गुण मिळतात. हे ऐकून विहीणबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "सोडायचा? मंग कालवन कशाचं?" तो गेम त्याच दिवशी गेला.

जीव होता तो शेतीच्या गेमवर. भाताची चार खाचरे, एक विहीर, दोन बैल. "बारा तासांत भात पिकतं हे खोटं हाय," ते म्हणत, "आनि बांधावरनं भांडन नाय. भांडन नाय तर ती शेती कसली?" पण रोज सकाळी आंघोळ केल्याशिवाय त्या गेमला हात लावत नसत, आणि अमावास्येला पेरणी नाही म्हणजे नाही. मी एकदा हसलो, तर दोन रविवार मला चहा विचारला नाही. कोन गावातली त्यांची खरी जमीन संपादनात जाऊन केव्हाच इमारतींखाली गेली. तो विषय ते काढत नसत, म्हणून मीही काढत नसे.

गेल्या हिवाळ्यात टॅबवर इंग्रजीत एक सूचना आली. मी वाचून दाखवली. कंपनी हा गेम बंद करत होती; पुढच्या शुक्रवारी दुपारी तीननंतर सगळ्यांची शेते पुसली जाणार होती.

"म्हंजे नोटीस आली," व्याही म्हणाले.

आता आमच्या भागात नोटीस आल्यावर काय करायचे हे कुणाला शिकवावे लागत नाही. "बसा मास्तर, हरकत लिवा." हे सरकारी कचेरीतले काम नव्हे, असे मी परोपरीने सांगितले. "नोटीस देतात म्हंजे हरकत घेतात," त्यांनी विषय संपवला. मी निमूटपणे लिहिले: अर्जदार सदर जमीन स्वतः कसत असून ती त्याच्या ताब्यात आहे, तीवर पीक उभे आहे, तरी पीक निघेपर्यंत मुदत मिळावी. खाली सही झाली, फोटो काढून कंपनीला ईमेलने पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आले, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार.' ते यंत्राने धाडलेले होते हे मला दिसत होते. व्याही मात्र खूश. "पोच तरी आली. आमच्या टायमाला ती पन नवती."

मुदत काही मिळाली नाही. शुक्रवारी दोनच्या सुमारास मी गेलो, तर चारही खाचरे हिरवीगार. सकाळीच पेरले होते. भात तयार व्हायचे ते संध्याकाळी.

"हाती लागणार नव्हतं, तर पेरलंत कशाला?"

"मंग काय, रिकामं रान द्यायचं त्यांना?"

तीन वाजले. शेत गेले आणि पडदा पांढरा झाला. मला फार वाईट वाटले. व्याह्यांनी टॅब पुसून टेबलावर ठेवला.

"कोनच्या जमिनीची मोजनी झाली तवा बापूस एकलाच होता शेतावर," ते म्हणाले. "मी काट्यावर ड्युटीला. रजा मागितली असती तर मिलाली असती, मास्तर. मी मागितलीच नाय."