नाताळ जूनमध्ये सुरू होतो

शिवणाच्या खोलीत दोन गोष्टी न बोलावता साठतात, चिंध्या आणि किस्से. चिंध्या निदान उशीत भरता येतात. किस्स्यांचं काय करायचं? कोणाला तरी सांगायचे आणि मोकळं व्हायचं. आज तुम्ही सापडलात!

भिवंडीजवळ पूर्णा गावात, समाजमंदिरामागच्या एका खोलीत आमचा शिवण गट आहे. चार मशिनी, आठ बायका. पण किस्से बहुतेक दोघींचेच. एक वनिताकाकू, इथल्याच, आगरी. सकाळी जवळच्या वडपे गावात गोडाऊनमध्ये पॅकिंगची ड्युटी, दुपारी तीनला गटात हजर. दुसऱ्या रुबिनाआपा, भिवंडी शहरातून रिक्षाने येणाऱ्या, तीस वर्षं लेडीज टेलर. आणि मी. बी.ए. झाले, नोकरी घेतली नाही, हा गट काढला. का काढला ते हल्ली संध्याकाळी आठवत नाही. तेव्हा मात्र अख्खं भाषण पाठ होतं!

वसईच्या मरिनाताई नाताळाआधी चर्चच्या आवारात हाताने केलेल्या वस्तूंचा स्टॉल लावतात. त्यांनी आम्हाला ऑर्डर दिली. भेटवस्तू ठेवायचे साठ कापडी मोजे आणि वीस तोरणं, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या हातात. वेळेत जमलं तर पुढच्या वर्षी दुप्पट.

हे ऐकून काकू गुडघे चोळत म्हणाल्या, "बाय, दुप्पट झाली ना, तर मी गोडाऊन सोडते. आठ तास उभं ऱ्हाऊन ह्यांची पार वाट लागली. मशिनीवर निदान बसाला तरी मिलतं."

म्हणजे ऑर्डर साठ मोज्यांची नव्हतीच. दोन गुडघ्यांची होती. मी तिथल्या तिथे ठरवलं, यंदा सगळं वेळेच्या आधी!

* * *

जूनमध्ये मी भिंतीवर चार्ट लावला. सात महिने, आठवड्यांचे रकाने, तीन रंगांची स्केचपेनं. कुठल्या आठवड्यात कापड धुवायचं, कधी कापायचं, कधी शिवायचं, सगळं नीट.

"नाताल कवा हाय?" काकूंनी विचारलं.

"पंचवीस डिसेंबरला."

"डिसेंबरला? बाय, अजून गणपती यायचाय!"

आपा लगेच त्यांच्या बाजूने. "तीस वर्षं शिवतेय मी. ईदचा ड्रेस चाँदरातलाच शिवायचा असतो. आधी शिवून ठेवला की गिऱ्हाईक जाड होतं!"

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर चार्ट गच्च भरलेला. माझ्या आठवड्यांवर काकूंनी भाचीचा साखरपुडा, श्रावणातले उपास, गणपती, गौर, नवरात्र, दिवाळीची साफसफाई आणि एक बारसं लिहून टाकलं होतं. उरलेल्या जागेत आपांनी तीन गिऱ्हाइकांचे ब्लाऊज. डिसेंबरचा रकाना तेवढा कोरा.

"हे बग," काकू समाधानाने म्हणाल्या, "डिसेंबर मोकला हाय. नाताल तवाच करू!"

* * *

कापड आम्हाला एका लूमवाल्यांकडून स्वस्तात मिळालं. ते लाल रंगवून आणलं. असं कापड शिवण्याआधी धुवावं लागतं, नाहीतर नंतर आटतं. ऑगस्टमध्ये मी प्रत्येकीच्या घरी थोडं थोडं धुवायला दिलं आणि बजावलं, "वेगळं भिजवा, रंग सोडेल."

काकूंनी पाणी वाचवलं! त्याच टबात काकांचा पांढरा झब्बा टाकला.

काका त्याच गुलाबी झब्ब्यात गणपतीच्या आरतीला उभे राहिले. माणूस बेधडक. कोणी हसायच्या आत एकाने विचारलं, "काका, यंदा ड्रेसकोड गुलाबी का?"

"हां," काका म्हणाले.

विसर्जनाला अर्धी आळी गुलाबी! माझ्या गटातल्या सात बायकांनी तीन दिवस बसून आळीसाठी गुलाबी कुर्ते शिवले. आमच्याच मशिनींवर. इतका झपाटा मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता.

मी कोपऱ्यात मोजे कापत होते. एकटी.

* * *

तोरणांवर सांताच्या गाडीची हरणं लावायची होती. मी मोबाईलवर चित्र दाखवलं आणि कापडातून कापायचं काम काकूंना दिलं. संध्याकाळी पाहिलं तर पाठीवर वशिंड, भरलेली छाती, वर वळलेली शिंगं.

"काकू, हा बैल आहे."

"शर्यतीचा हाय," काकू म्हणाल्या. सुरात अभिमान!

"पण सांताच्या गाडीला हरणं असतात."

काकूंनी कात्री खाली ठेवली. माझ्याकडे कीव करत बघितलं.

"हरनं जुंपतात? म्हनूनच तुला जूनपासून निघाला लागतंय!"

* * *

सप्टेंबरमध्ये मी चार दिवस मावशीकडे गेले. जाताना सांगून गेले, कापून ठेवलेलं कापड शिवायला घ्या. परत आले तर बारा मोजे तयार! डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मग एक हातात घेतला.

अंगठा वेगळा!

बाराही मोज्यांना अंगठा वेगळा शिवलेला. सहा डावे, सहा उजवे, दोऱ्याने बांधून सहा जोड केलेले.

"मोजा घालून चप्पल कशी घालनार मग?" काकूंचा सवाल. "तुझा मापाचा कागद चुकला होता, आमी सुधारला."

मी स्पीकरवर मरिनाताईंना फोन लावला. त्या हसायच्या थांबेनात. "अगं बायांनो, तो पायात नाही घालायचा! एकच असतो, खाटेला टांगतात. आत मुलांचा खाऊ."

आपांनी हळूच विचारलं, "एकच? आणि त्यात खाऊ?"

काकू मात्र भडकल्या. "मंग मोजा कशाला म्हनता? पिशवी म्हना ना! पिशव्या मी जूनमधीच शिवून दिल्या असत्या!"

उसवायला दोन दिवस गेले.

* * *

यातून शहाणी होऊन मी एक युक्ती केली. सगळ्यांना खोटी तारीख सांगितली. "माल पंधरा ऑक्टोबरला द्यायचाय." मशिनी धडाधड चालू! मला वाटलं, संपलं, जिंकले.

मग आपांना लेसचा रंग विचारायचा होता. माझा फोन लागेना, म्हणून त्यांनी थेट मरिनाताईंना केला. बोलता बोलता खरी तारीख कळली.

दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप. सगळ्या दिवाळीच्या फराळाला!

मी घरोघर फिरून सगळ्यांना गोळा केलं आणि खूप बोलले. शिस्त, जबाबदारी, स्वतःच्या पायावर उभं राहणं, सगळं बोलले. काकूंचे गुडघेसुद्धा काढले. काकू खाली बघत बसल्या.

शेवटी आपा उठल्या, माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटा, खोटी तारीख टेलर गिऱ्हाइकाला देतो. टेलरला कोण देतं?"

* * *

शेवटचे तीन दिवस. तोरणं झालेली, पण मोजे एकोणतीसच, एकतीस बाकी. मी आशा सोडली होती. वसईला फोन करून माफी कशी मागायची, ती वाक्यंसुद्धा लिहून काढली होती.

आपांनी बाह्या सरसावल्या, चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "आता कसं सणासारखं वाटतंय!"

त्या बाईंनी मशीन कशी चालवली ते मी सांगू शकत नाही. काकू ड्युटीवरून आल्या की हात धुवायलाही न थांबता लेस लावायला बसायच्या. तिसऱ्या दिवशी दुपारी साठावा मोजा पडला. मी आणि आपा गठ्ठे घेऊन टेम्पोतून वसईला.

मरिनाताईंनी एक मोजा उलटा केला. आतली शिवण बघितली. दुसरा बघितला, तिसरा बघितला. मग चष्मा वर करून म्हणाल्या, "इतकी सफाई! घाईत असं काम होत नाही. कधीपासून सुरू केलं होतं?"

"जूनपासून," मी म्हणाले.

"परवापासून," आपा म्हणाल्या.

* * *

नाताळ झाल्यावर मरिनाताईंचा फोन आला. सगळे मोजे विकले गेले. पुढच्या वर्षी दुप्पट, नक्की!

मी धावत काकूंच्या घरी गेले. काकू पाय शेकत बसल्या होत्या. बातमी ऐकून हसल्या. पण दुप्पट मोजे म्हणजेही गोडाऊनचा पगार नव्हे. ते मलाही माहीत होतं, त्यांनाही.

"बगू," एवढंच म्हणाल्या. मी चहा न घेता परतले.

चार दिवसांनी त्यांच्या गोडाऊनमधून सुपरवायझरचा फोन. माणूस बिचारा घामाघूम झालेला, आवाजावरूनच कळत होतं.

"मॅडम, वनिताकाकू तुमच्याच गटातल्या ना? त्यांनी नोटीस दिलीय. काम सोडतायत."

मीच बोलून बोलून त्यांचा पगार घालवला होता! "कधीपासून सोडतायत?"

"पुढच्या नाताळपासून."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी म्हटलं, काकू, नोटीस एक महिन्याची असते. तर म्हणतात, आमच्यात सगळं आधीपासून करतात. कागद ऑफिसमध्ये देऊन सही पण घेतली."

"मग घ्या की नोटीस. अडचण काय आहे?"

"अडचण नोटिशीची नाही हो! आज सकाळी त्या घरून स्टूल घेऊन आल्या आणि पॅकिंगच्या लाईनीत बसल्या. काम चाललंय, हात भराभर चाललेत, पण बसून! मी म्हटलं, काकू, लाईनीत बसायचा नियम नाही. तर म्हणतात..."

तेवढ्यात मागून, चिकटपट्टीच्या चर्र चर्र आवाजावर चढून, काकूंचा आवाज आला.

"नियम कामावरच्यांना! मी नोटीसवर हाय!"