इंगळे सरांचा बातमी तास

शनिवार, सकाळची शाळा सुटल्यावर, डोणगाव. हजर: संस्थेचे सचिव भाऊसाहेब, पालकांच्या वतीने सुमितची आई, सातवीचे इंगळे सर आणि इतिवृत्त लिहायला मी, मुख्याध्यापिका. विषय एकच: सरांचा बातमी तास बंद करणे. चहा विषयाआधीच आला, म्हणजे निर्णय ठरलेला होता.

इंगळे सर वर्गात शिळं वर्तमानपत्र घेऊन जात. "ताज्या बातमीवर सारेच इस्वास ठेवतात. चार दिवसांनं पाहा, तिचा रंग उतरते." परदेशातलं युद्ध असो, ध्रुवावरचा बर्फ असो की मोबाईलवर फिरणारा व्हिडिओ, मुलांनी विचारायचं: कोण सांगतंय, त्याने पाहिलं का, सांगून त्याला काय मिळतं? पालकांना हे फार आवडायचं, मूल घरी त्यांनाच विचारू लागेपर्यंत. एक वडील माझ्याकडे तक्रार घेऊन आले: "म्याडम, पोरगी मले इचारते, बाबा, हे न पाहता पुढं काऊन पाठवलं? आता बापानं पुरावा द्याव काय?"

आमच्या शाळेचा एक रिवाज होता. कार्यक्रम दुपारी असला की बातमी सकाळीच पाठवायची; उशीर झाला तर पेपराचं पान भरतं. हवामान बदलानिमित्त ठेवलेल्या वृक्षारोपणाची बातमी भाऊसाहेबांनी अशीच पाठवली. रोपं आली, पण पाहुणे आले नाहीत आणि कार्यक्रम रद्द झाला. पेपरात मात्र तो टाळ्यांच्या कडकडाटात पार पडला.

यथावकाश तो अंक सातवीत पोचला.

"सर, झाडं कुठं हायेत?" एका मुलीने विचारलं.

"भाऊसाहेबांनं इकली असतील," सुमित म्हणाला. वर्ग हसला. सर हसले नाहीत.

"तू पाह्यलं काय बे?"

"नाई सर. सारं गाव म्हनते."

"गावानं पाह्यलं काय? जाय, पाहून ये. मंग बोल."

हे भाऊसाहेबांच्या कानावर गेलं आणि बैठक लागली.

"सर, लेकरांले जगाचं शिकवा," भाऊसाहेब म्हणाले. "युक्रेन घ्या, अमेरिका घ्या. आपल्या शाळेले काऊन मधात आनता?"

"भाऊसाहेब, बरफ तिकडं वितयते, पन इहीर इथली आटते."

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. "लिहा म्याडम, तास बंद."

तेवढ्यात सुमितची आई बोलली. "भाऊसाहेब, गाव तं म्हनून राह्यलं होतं, तुमी झाडं इकली. माह्या पोरानं घरोघर जाऊन सांगतलं, खोटं हाय, म्या सोता पाह्यली. तुमच्या गोठ्यामांगं ठेवेल हायेत." मग चहाचा कप खाली ठेवत, "सुकून राह्यली. पानी तं टाका."

चोरीच्या आळातून सुटल्याचा आनंद आणि पाणी न घातल्याची लाज, दोन्ही भाऊसाहेबांच्या एका चेहऱ्यावर मावेनात. "चालू द्या तास," ते कपात पाहत म्हणाले. मी खोडून तसं लिहिलं.

यंदा सर निवृत्त होऊन मलकापूरला मुलाकडे गेले. जाताना मला म्हणाले, "म्याडम, तासाले माह्यं नाव नोका देऊ, मानूस द्या." निरोप समारंभात भाऊसाहेबांनी गहिवरून तासाला सरांचं नाव दिलं. पाटीही लागली.

गणिताचे सर म्हणतात, अभ्यासक्रम मागे आहे. मराठीच्या बाई म्हणतात, त्या तासाला मुलं फार बोलतात. वेळापत्रकात शनिवारच्या शेवटच्या तासापुढे शिक्षकाचं नाव लिहायचं राहिलं आहे.