डॉक्टरीणबाईंच्या मुलखातलं गाणं

अकोल्याच्या मिशन दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मोठी लढाई संपल्यावर कायमच्या स्कॉटलंडला निघाल्या, तेव्हा मी तिथं नर्स होते. तेल्हाऱ्याहून बैलगाडीत घालून आणलेल्या माझ्या आईचं अडलेलं बाळंतपण त्यांनीच सोडवलं होतं. ते बाळ म्हणजे मी.

हार सगळेच घालणार होते. मी ठरवलं, बाईंना त्यांच्या मुलखातलं निरोपाचं गाणं ऐकवायचं. रेडिओवर विलायतेचा कार्यक्रम संपताना ते पुष्कळदा लागे. पण आमच्याकडे रेडिओ कुठला? बाजारातल्या एका कापडवाल्या चाचांच्या दुकानात होता. कामाची पाळी संपली की आम्ही तिघी नर्सा तिथं पायरीवर जाऊन उभ्या राहायचो.

“काहून उभ्या राहता वो रोज? कपडा पाह्यजे का?” चाचांनी एकदा विचारलंच.

“गाणं शिकून राहिलो, चाचा. आमची डॉक्टरीणबाई चालली.”

“माही पोरगीबी त्याइनंच वाचवली,” ते म्हणाले. त्यांनी बाकडं बाहेर काढलं आणि आवाज वाढवला.

गाणं लागे आणि बघता बघता संपे. पहिली ओळ एकीनं धरायची, दुसरी दुसरीनं. कधी लागतच नसे; तरी आम्ही जायचो. चाल बसली, पण शब्द काही केल्या कळेनात.

“वेडंवाकडं इंग्रजी गाऊन हसं करून घ्याल,” मेट्रनबाई म्हणाल्या.

“मग शब्द आमचे घालू,” मी म्हटलं. आणि घातले.

स्टेशनवर गाडी लागली. बाई खिडकीशी बसल्या आणि आम्ही सुरू केलं, “जाय वो बाई, सुखानं जाय, इसरू नोको आमाले.” वरच्या सुराला माझा आवाज फुटला, दोघींनी तो सावरून धरला. बाई ताडकन खाली उतरल्या.

“कोनं शिकवलं तुमाले?” त्यांनी त्यांच्या वऱ्हाडीत विचारलं.

“रेडिओनं.”

त्या रडता रडता हसल्या. छातीवर हातांची फुली करून दोन्हीकडच्या शेजारणींचे हात कसे धरायचे ते त्यांनी दाखवलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. आमच्या शब्दांत त्यांनी आपले शब्द मिसळले. गार्डानं शिट्टी दिली तरी हात सुटेनात.

पुढं रेडिओवर ते गाणं वर्षानुवर्षं लागत राहिलं. लागलं की मी हातातलं काम खाली ठेवते आणि ते संपेपर्यंत कोणाचं काही ऐकत नाही.